मातीची प्रतिकृती आणि भाषेची कसोटी

१

भूगोल आणि भूशास्त्र यांच्या शालेय अध्यापनात प्रतिकृतीला आज जे स्थान मिळाले आहे, ते बव्हंशी शोभेच्या वस्तूचे स्थान आहे. वर्षातून एकदा विज्ञान-प्रदर्शन भरते. थर्मोकोल, चार्टपेपर आणि रंग यांच्या साहाय्याने एक ज्वालामुखी उभा राहतो. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतले की लाल फेस उसळतो. पाहुणे कौतुक करतात, आणि दुसऱ्या दिवशी तो पर्वत अडगळीच्या खोलीत जाऊन पडतो. वर्गात मात्र वलीकरण, विभंग, प्रावरण, विदारण, भूपट्ट या शब्दांचे पाठांतर पूर्ववत चालू राहते. प्रदर्शनातील वस्तूला अर्थ चिकटलेला नसतो आणि वहीतील शब्दाला वस्तू चिकटलेली नसते. विद्यार्थी दोन्हींत उत्तीर्ण होतो, आणि आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याविषयी फारसे काही न कळता शाळेतून बाहेर पडतो.

या स्थितीचा विचार सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेत होतो. साधने अपुरी आहेत, वर्गसंख्या मोठी आहे, परीक्षापद्धती सदोष आहे, ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु प्रश्नाची एक बाजू भाषेची आहे आणि ती भारतीय भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांकडून उपेक्षित राहिली आहे. हाताने प्रतिकृती घडविणे ही क्रिया शब्दाचा अर्थ निश्चित करण्याची क्रिया आहे. पारिभाषिक संज्ञा विद्यार्थ्याला खरोखर कळली की नाही, किंबहुना ती संज्ञा मुळात समर्पक आहे की नाही, याची कसोटी जितकी मातीच्या परातीत लागते तितकी शब्दकोशात लागत नाही. भारतीय भाषांतून विज्ञान शिकविण्याचा आग्रह ज्यांना मनापासून धरावयाचा आहे, त्यांनी म्हणूनच या हस्तोद्योगाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

२

प्रतिकृती हे बालबोध साधन आहे, मोठ्यांच्या शास्त्राशी तिचा संबंध नाही, असा एक समज रूढ आहे. भूशास्त्राचा इतिहास त्याच्या नेमका उलट आहे. एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात बर्विकशायरच्या किनाऱ्यावरील खडकांच्या नागमोडी थरांचा उलगडा केला, तो कापडाच्या तुकड्यांनी. कापडांचे थर एकावर एक पसरून, त्यांवर बिजागरीतून निघालेले एक दार ठेवून, त्या दारावर वजने लादून त्यांनी दोन्ही बाजूंनी फळ्यांचा दाब दिला. दार हळूहळू वर उचलले गेले आणि कापडाचे थर दुमडले. पुढे त्यांनी हाच प्रयोग पेटीत मातीचे थर घालून केला. आडव्या दाबाने सपाट थर उभे राहू शकतात, ही कल्पना अशा रीतीने प्रथम डोळ्यांना दिसली.

आल्फ्रेड वेगेनर यांचा खंडवहनाचा सिद्धांत १९१५ साली ग्रंथरूपाने आला. फाटलेल्या वृत्तपत्राचे तुकडे कडेला कडा लावून जुळवावेत आणि छापील ओळीही एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग वाचता येतात की नाही हे पाहावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खंडांच्या किनाऱ्यांचा आकार म्हणजे कागदाची कडा. दोन्ही किनाऱ्यांवर सारखे आढळणारे खडक आणि जीवाश्म म्हणजे छापील ओळी. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धती अपरिचित वाटू नये. विखुरलेल्या पोथीची पाने लावणारा संपादक याहून वेगळे काय करतो?

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९६५ साली जे. टुझो विल्सन यांनी रूपांतर-विभंगाची कल्पना मांडली. सागरतळावरील पर्वतरांगांचे तुकडे एकमेकांपासून बाजूला सरकलेले दिसतात. ते ज्या दिशेने सरकलेले भासतात, त्याच्या उलट दिशेने त्यांच्या मधल्या विभंगाच्या दोन बाजू प्रत्यक्षात सरकत असतात, असे ही कल्पना सांगते. हे वाक्य कितीही वेळा वाचले तरी मनात स्थिर होत नाही. पण एका कागदाला मागेपुढे अशा दोन समांतर फटी पाडाव्यात, त्यांची टोके एका आडव्या चिरेने जोडावीत, आणि खालून कागदाच्या पट्ट्या फटींतून वर काढून दोन्ही बाजूंना ओढाव्यात. दोन मिनिटांत शंका उरत नाही. १९६७ साली लिन साइक्स यांनी भूकंपांच्या नोंदींवरून याच दिशेची पुष्टी केली. जेथे उत्तम गद्यही थकते तेथे कात्री आणि कागद पुरेसे होतात, ही गोष्ट शब्दांवर जगणाऱ्यांनी नम्रपणे मान्य करण्यासारखी आहे.

३

तथापि प्रतिकृती बोलते याचा अर्थ ती सदैव सत्यच बोलते असा नव्हे. येथे भारतीय काव्यशास्त्रातील एक जुना विवेक उपयोगी पडतो. मम्मटाच्या मते उपमेत साधर्म्य असते, पण ते उपमान आणि उपमेय यांचा भेद कायम राहून असते. रूपकात हा भेद पुसला जाऊन अभेदाचा आरोप होतो. काव्यात दोन्ही अलंकार शोभतात. विज्ञानाच्या वर्गात मात्र प्रतिकृती ही उपमाच राहिली पाहिजे; ती नकळत रूपक झाली की विद्यार्थी फसतो. पृथ्वी उकडलेल्या अंड्यासारखी आहे असे सांगितल्यावर कवच, पांढरा बलक आणि पिवळा बलक एवढे साधर्म्य ध्यानात राहते. पण घनरूप प्रावरण अतिशय संथपणे वाहते, बाह्य गाभा द्रवरूप आहे आणि अंतर्गाभा घन आहे, हे सारे त्या अंड्यात लोपते.

पाश्चात्त्य चिंतनातही हा मुद्दा वेगळ्या परिभाषेत आला आहे. मॅक्स ब्लॅक यांनी १९६२ साली प्रतिकृती आणि रूपक यांचे नाते एकत्र तपासले. मेरी हेस यांनी १९६३ साली साधर्म्याचे तीन भाग पाडले. काही गुणधर्म जुळतात, काही जुळत नाहीत, आणि काही जुळतात की नाही हे अद्याप ठाऊक नसते. या तिसऱ्या भागातच संशोधनाची शक्यता असते असे त्यांचे प्रतिपादन आहे. भूशास्त्रापुरते पाहिल्यास एम. किंग हबर्ट यांनी १९३७ साली प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा सिद्धांत गणिताने मांडला. एक किलोमीटर लांबी एका सेंटिमीटरवर आणली तर, घनता सारखी धरल्यास, पदार्थाचे बळही लाखपटीने कमी केले पाहिजे. म्हणून डोंगरातील कठीण खडकाची प्रामाणिक प्रतिकृती दगडाने होत नाही. ती कोरड्या वाळूने किंवा अगदी मऊ मातीने होते. खडकाला वाळूची उपमा देणे ही कल्पनेची मौज नव्हे, ते गणिताचे फलित आहे.

या निकषावर प्रदर्शनातील ज्वालामुखी तपासून पाहावा. वायूच्या जोराने द्रव उसळतो एवढे साधर्म्य त्यात आहे. पण सोडा-व्हिनेगरच्या क्रियेत काही वितळत नाही आणि काही थिजत नाही. याहून मोठी विसंगती स्थळाची आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळा ज्या काळ्या पाषाणावर उभ्या आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापणारा हा लाव्हा शंकूच्या टोकातून उसळला नाही. तो मुख्यत्वे जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून पसरला. म्हणजे जगातील एका प्रचंड लाव्हापठारावर राहणारा विद्यार्थी दूरदेशीच्या चित्रातील ज्वालामुखी रंगवितो आणि स्वतःच्या पायाखालचा ज्वालामुखी त्याला ओळखता येत नाही. पुठ्ठ्याला लांबट फट पाडून खालून काकवी वर दाबली, एकदा कोमट आणि एकदा थंड, तर पातळ लाव्हा दूरवर का पसरतो आणि घट्ट लाव्हा जागीच का साचतो, हे कोणत्याही खेड्यातील शाळेत दाखविता येईल. त्यासाठी रंगाचीही गरज नाही.

४

महाराष्ट्रातील मुले एक भूरूप मात्र कोणी न शिकविता घडवीत आली आहेत. दिवाळीत अंगणात दगड, विटा, चिखलात भिजविलेली पोती यांचा किल्ला उभा राहतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगविली जाते. मावळे, तोफा, बुरूज मांडले जातात. ही परंपरा हृद्य आहे, पण तिच्यातील डोंगर आतून पोकळ असतो. त्याला बाह्याकार आहे, घडण नाही. सह्याद्रीतील गडांचे माथे सपाट का, कडे ताठ का, आणि कड्याखाली फिरून एक सपाटी का लागते, हे प्रश्न पोत्याच्या किल्ल्यातून उद्भवत नाहीत.

आता हाच किल्ला थरांनी रचावा: एक थर कुटून घट्ट केलेल्या चिकणमातीचा, त्यावर एक थर भुसभुशीत मुरमाचा, पुन्हा चिकणमाती, पुन्हा मुरूम. नंतर वरून झारीने पाणी सोडावे. मुरूम आधी वाहून जातो, वरच्या घट्ट थराची कड उघडी पडते आणि तुटते, आणि उताराला पायऱ्या पडू लागतात. घट्ट बेसाल्टचे कडे आणि त्यांच्यामधील सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या थरांचे उतार यांची सह्याद्रीतील रचना या परातीत ओळखू येते. या खडकांना शास्त्रात ट्रॅप हे नाव मिळाले ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. परंतु मराठीला तो शब्द उसना घेण्याची गरज नव्हती. डोंगरात वावरणाऱ्यांच्या बोलीत कडा आहे, माची आहे, पदर आहे, सोंड, धार, नाळ, घळ, खिंड आहे. त्यांतील प्रत्येक शब्द विशिष्ट भूरूपाला चिकटलेला आहे. दोन कड्यांच्या मधल्या सपाटीला पदर म्हणणाऱ्याने लुगड्याच्या काठाइतक्या सहजतेने भूरचना वाचली होती. पाठ्यपुस्तकात हे शब्द क्वचितच येतात. कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताला माती लागलेली नसते, आणि ज्याच्या हाताला ती लागलेली असते त्याला पुस्तक लिहिण्यास कोणी बोलावीत नाही.

परिभाषेची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्राचे भाषा संचालनालय, १९६१ साली स्थापन झालेला केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग आणि मराठी विश्वकोशाचे संपादक मंडळ यांनी केलेले काम मोलाचे आहे. प्रश्न आहे तो घडविलेल्या संज्ञेला पुन्हा लोकव्यवहाराशी जोडण्याचा. वलीकरण हा शब्द अवघड वाटतो; पण जुनी गोधडी जमिनीवर पसरून दोन्ही टोकांनी आत ढकलली की कोणतेही मूल म्हणेल, वळ्या पडल्या. वली आणि वळी हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, हे व्याकरणाच्या तासाला सांगावे लागते. गोधडीसमोर ते न सांगता कळते. उंचावलेल्या वळीला कमान आणि खचलेलीला पन्हळ म्हणून एकदा ओळखल्यावर अपनती आणि अभिनती या संज्ञांची धास्ती उरत नाही.

भूपट्ट या संज्ञेची गोष्ट वेगळी आहे. ती घडविणाऱ्याच्या मनात ताम्रपट्ट, शिलापट्ट असावा. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात पट्टा किंवा पट्टी उमटते, आणि पृथ्वीभोवती लांबट पट्टे गुंडाळलेले आहेत असा ग्रह होतो. बंगालीत यासाठी पात हा शब्द योजतात, जो धातूच्या पत्र्याचाही वाचक आहे. तमिळमध्ये तट्टु, म्हणजे ताटली. प्रत्येक भाषेने वेगळे उपमान निवडले आहे आणि प्रत्येकाबरोबर वेगळे साधर्म्य व वेगळा भ्रम आला आहे. एका चेंडूवर भूपट्टांच्या सीमा आखून त्यांप्रमाणे कागदाचे तुकडे कापून चिकटविण्यास सांगितले, की पट्टीचा भ्रम आपोआप दूर होतो. तौलनिक भाषाभ्यासाला याहून जिवंत सामग्री क्वचितच मिळेल.

५

हा सारा प्रपंच केवळ संज्ञांच्या चोखंदळपणासाठी असता तर त्याला मर्यादित महत्त्व राहिले असते. पण भूमीविषयक शब्दांचा प्रश्न कधी कधी जीविताशी येऊन भिडतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या पाणी, माती व शिलाखंड यांच्या लोंढ्यात वाहून गेल्या.

या घटनांना निरनिराळ्या भाषा काय म्हणतात हे पाहण्यासारखे आहे. मराठी माणूस म्हणतो दरड कोसळली. हिंदीत आणि शासकीय मराठीत शब्द आहे भूस्खलन. मलयाळममध्ये रूढ शब्द आहे उरुळ्पोट्टल्, ज्यात गडगडणे आणि फुटणे या दोन्ही क्रिया आहेत. दार्जिलिंगच्या डोंगरात नेपाळी भाषक पहिरो म्हणतो. मराठी पाठ्यपुस्तकात हे सर्व विस्तृत झीज या शीर्षकाखाली येते, आणि झीज म्हटल्यावर मनात येते ती जोड्याच्या टाचेची किंवा सहाणेवरच्या चंदनाची. रात्रीत गाव गिळणाऱ्या घटनेचे सूचन त्या शब्दात नाही.

कोसळणे, घसरणे आणि फुटून वाहणे या तीन निरनिराळ्या प्रक्रिया आहेत, आणि तिन्ही एका लाकडी पाटावर दाखविता येतात. पाटावर सुटे दगड रचून तो हळूहळू कलता केला की विशिष्ट कोनाला दगड कोसळतात, ही दरड. पाटावर ओल्या शाडूचा पातळ लेप देऊन त्यावर मातीची लादी ठेवली आणि पाणी मुरू दिले की संपूर्ण लादी अखंड घसरते, हे स्खलन. उतारावर भुसभुशीत माती रचून तिच्यात पाणी भरत राहिले की एका क्षणी तिचे घनपण संपते आणि ती खिरीसारखी धावते, हे उरुळ्पोट्टल्. चौथा प्रयोग याच उताराच्या पायथ्याशी चमच्याने खाच पाडण्याचा: रस्त्यासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी डोंगराचा पाय कापला की वरचा भाग आधाराला मुकतो. यानंतर विद्यार्थ्याने तीन भाषांतील तीन शब्द ऐकले, तर ते पर्यायवाची नाहीत आणि त्या त्या भूमीच्या अनुभवाने ते घडले असावेत, हे त्याला जाणवेल.

पाटावरील हा प्रयोग कोणता डोंगर कधी खचेल हे सांगणार नाही. झाडांची मुळे, खडकातील सांधे, वर्षानुवर्षांचे विदारण यांतले काहीच त्याच्यात उतरलेले नसते, आणि ही उणीव विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. परातीतील प्रयोगाने गावे वाचतील असा दावा करणे उथळपणाचे ठरेल. परंतु भूस्खलनप्रवण क्षेत्र, अतिवृष्टीचा इशारा, संपृक्त मृदा हे शब्द जेव्हा शासनाच्या पत्रकातून डोंगरपायथ्याच्या वस्तीपर्यंत पोहोचतात, तेव्हा ते वाचणाऱ्याच्या मनात काही चित्र उभे राहते की नाही यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याने पाणी मुरून फुगलेली माती स्वतःच्या हाताखाली सुटताना पाहिली आहे, त्याला अंगणातील नवी भेग किंवा अचानक गढूळ झालेला झरा ही केवळ पावसाळ्यातील नित्याची बाब वाटणार नाही.

६

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला व्यवहाराचा: साठ-सत्तर मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई यांत माती कालविण्यास वेळ कोठून आणावा? आक्षेप खरा आहे, पण अनुभव निराशाजनक नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले होते. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांपासून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम स्वस्त साहित्य आणि प्रयोग यांच्या बळावर पुढे तीस वर्षे चालला. २००२ साली तो शासकीय निर्णयाने थांबला, ग्रामीण शाळांत प्रयोग अशक्य ठरला म्हणून नव्हे. त्या कार्यक्रमाची बाल वैज्ञानिक ही पुस्तके मुलांशी सरळ हिंदीत बोलतात. प्रयोग सोपा झाला की भाषाही सोपी होऊ लागते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. बोलीतील शब्द वर्गात आणले तर शास्त्रीय नेमकेपणा ढळेल आणि प्रदेशाप्रदेशांत अर्थभेद माजेल, अशी भीती व्यक्त होते. नेमकेपणा हा संज्ञेचा गुण आहे हे मान्य. पण तो संज्ञेत जन्मतः नसतो, वापराने येतो. पदर, कडा, घळ हे शब्द प्रमाण संज्ञेच्या जागी नकोत, तिच्याकडे नेणारी वाट म्हणून हवेत. आणि अर्थभेद दिसला तर तो दडपण्यापेक्षा नोंदविणे अधिक शास्त्रीय होय.

विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांना येथे निश्चित काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतून शिक्षणावर भर दिल्यानंतर पाठ्यपुस्तकांचे अनुवाद मोठ्या प्रमाणावर होणार हे उघड आहे. हे अनुवाद इंग्रजी वाक्य समोर ठेवून खोलीत बसून केले, तर जुनीच कथा नव्या लिपीत लिहिली जाईल. अनुवादकाने आधी तो प्रयोग स्वतः करावा, मग वाक्य लिहावे. भूगोल विभागाच्या प्रयोगशाळेत मुलांना बोलावून ते प्रतिकृती घडविताना कोणते शब्द वापरतात याची नोंद घ्यावी. मराठी, मलयाळम, बंगाली, नेपाळी यांतील भूरूपवाचक शब्दांचे, प्रत्येकाच्या प्रयोगासह, तौलनिक संकलन करावे. परिभाषा समित्यांनीही नव्या संज्ञेला मान्यता देण्यापूर्वी ती चार शाळांत मातीपुढे ठेवून पाहावी. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. परात, पाट, झारी आणि दोन तास एवढी सामग्री पुरेशी आहे, आणि ज्या शब्दांवर पुढील पिढीचे भूमिज्ञान उभे राहावयाचे आहे त्यांच्यासाठी एवढा व्यय भाषाभ्यासकांनी करण्यास हरकत नसावी.